हेरपटात दोन एजंटांमधला विश्वास कसा लिहावा

गोळीबार आणि पाठलाग सगळ्यात शेवटी लिहा. मी पटकथेला बसते तेव्हा आधी पानाचे दोन भाग करते: पहिल्या एजंटला काय माहीत आहे, दुसऱ्याला काय. गुप्तचर खात्यात प्रत्येकाला कामापुरतंच सांगतात, त्यामुळे अगदी इमानदार सहकारीही अर्धंच बोलतो. नाट्य तिथेच आहे. त्यासाठी गद्दार लागतोच असं नाही.

खोस्तची घटना नीट अभ्यासा. 30 डिसेंबर 2009 रोजी अफगाणिस्तानातल्या सीआयएच्या तळावर जॉर्डनचा एक डॉक्टर आला. अल-कायदाच्या आतल्या गोटात पोचलेला आपला खबऱ्या, असा सगळ्यांचा समज. त्याचा मान राखायचा म्हणून फाटकावर झडतीच घेतली नाही. गाडीतून उतरताच त्याने अंगावरची स्फोटकं उडवली. सीआयएचे सात जण गेले, त्याला सांभाळणारा जॉर्डनचा अधिकारीही गेला. जॉर्डनच्याच गुप्तचर खात्यातून आधी शंका व्यक्त झाली होती. ती योग्य माणसांपर्यंत पोचलीच नाही. मला ही न पोचलेली शंका स्फोटापेक्षा जास्त छळते.

म्हणून तुमच्या कथेतही शंका घेणारं पात्र हवंच, आणि त्याला मूर्ख किंवा खडूस करू नका. त्याचं म्हणणं पटण्यासारखं लिहा.

‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ हा संवाद सरळ खोडा. त्याऐवजी एकाने दुसऱ्याला आपल्या खबऱ्याचं खरं नाव सांगू द्या. मग ते नाव ऐकणाऱ्याला दार उघडून निघून जाऊ द्या.