जुनी एसएल घेताय? आधी तेल बघा

दहा-बारा हजार डॉलरांत मर्सिडीजची दोन सीटांची एसएल ५०० मिळते. बटण दाबलं की पत्र्याचा टप आपोआप घडी होऊन डिकीत जातो. असं ऐकलं की भल्याभल्यांचं मन चळतं. आमच्या न्यू जर्सीत मंडळाच्या कार्यक्रमात हा विषय निघाला की जेवणं थंड होतात. मी उमेदवारी केली ती पुण्याजवळच्या भोसरीत, हायड्रॉलिक प्रेसच्या मेन्टेनन्सवर. त्यामुळे अशी गाडी बघायला जाताना लोक मला सोबत नेतात. तिथे मी काय बघतो ते लिहितो.

ही गाडी आर २३० पिढीची. २००१ साली आली, अमेरिकेत २००३ चं मॉडेल म्हणून विकली गेली, आणि नवी असताना ८५ हजार डॉलरच्या वर होती. आज गाडीचा भाव उतरलाय, सुट्या भागांचा मात्र अजून त्याच वर्गातला आहे. बहुतेक जण आधी बॉनेट उघडून इंजिन बघतात. मी ते शेवटी बघतो, कारण या गाडीत पैसे खातं ते हायड्रॉलिक्स. सस्पेन्शन तेलाच्या दाबावर, टप तेलाच्या दाबावर, आणि सुरुवातीच्या गाड्यांत ब्रेकसुद्धा पंपाने साठवलेल्या दाबावर.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलात की बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी झाकायचं होतं असं मी धरून चालतो. मग टेप काढून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. चारही कोपरे सारखे थोडेसे बसलेले असतील तर घाबरू नका. एकच कोपरा दोन-तीन बोटं खाली असेल, तर तिथला व्हॉल्व्ह ब्लॉक (चाकाकडचं तेल सोडणारा-अडवणारा भाग) आतून तेल सोडतोय किंवा स्ट्रट (चाकावरचा शॉक अॅब्सॉर्बरचा खांब) गळतोय.

या सस्पेन्शनचं नाव अॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल, म्हणजे एबीसी. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप सुमारे २०० बार दाब तयार करतो. पंपाचे ठोके सरळ पाइपांवर बसू नयेत म्हणून मध्ये अॅक्युम्युलेटर असतात: पोलादी गोळा, आत पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. वर्षांगणिक नायट्रोजन निसटतो. मग ठोके होजवर (तेलाच्या रबरी नळीवर) बसतात, होज फुटतो, टाकीतलं तेल रस्त्यावर जातं, पंप कोरडा फिरतो आणि त्याचा चुरा सगळ्या व्हॉल्व्हमध्ये पसरतो. अॅक्युम्युलेटर दीडशे ते तीनशे डॉलरला येतो. तो वेळेवर न बदलल्यामुळे पाच-सहा हजारांचं बिल येतं. डॅशबोर्डवर एबीसीचा संदेश पांढऱ्या अक्षरांत आला तर गॅरेजची वेळ घ्या. लाल अक्षरांत आला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि टो ट्रक बोलवा. ‘घर दोन मैलांवर आहे, जाऊ हळूहळू’ हे सगळ्यात महागडे दोन मैल.

स्वतंत्र गॅरेजमधले आमच्याकडचे साधारण दर असे: पंप मजुरीसकट बाराशे ते दोन हजार, रीबिल्ट स्ट्रट एकेक हजाराच्या आसपास, व्हॉल्व्ह ब्लॉकचे ओ-रिंग बदलायला पाचशे ते हजार. डीलरकडे गेलात तर दीडपट-दुप्पट धरा. एबीसीचं तेल हिरवं असतं. टाकीत ते काळपट दिसलं तर कोणी ढुंकून पाहिलेलं नाही. तेल आणि फिल्टर बदलताना संगणक जोडून गाडी चारही कोपऱ्यांवर खाली-वर नाचवतात, त्याला इथे ‘रोडिओ’ म्हणतात. त्याची पावती विकणाऱ्याकडे असेल तर त्या गाडीचे हजार डॉलर जास्त द्यायला माझी हरकत नसते.

इथे एक गैरसमज काढून टाका. न्यू जर्सीत काचेवर इन्स्पेक्शनचा ताजा स्टिकर असला म्हणजे गाडी धड आहे असं नाही. २०१० पासून खासगी गाड्यांच्या तपासणीतून यांत्रिक भाग वगळला आहे, बघतात ते प्रदूषण. शिवाय आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने एबीसीचे पोलादी पाइप खालून गंजतात. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय सौदा नको. दोन-अडीचशे डॉलरात मर्सिडीजचं डायग्नोस्टिक असलेला मेकॅनिक हे करून देतो.

आता ब्रेक. २००३ ते २००६ च्या गाड्यांत एसबीसी (सेन्सोट्रॉनिक ब्रेक कंट्रोल) ही इलेक्ट्रॉनिक ब्रेकची पद्धत आहे. पंप किती वेळा चालला हे युनिट मोजत असतं आणि मर्यादा भरली की इशारा देतं. सी२४९एफ हा कोड दिसला की तीच भानगड. युनिट बदलायचा खर्च दीड-दोन हजारांच्या पुढे, पण अमेरिकेत कंपनीने या युनिटची वॉरंटी २५ वर्षांपर्यंत वाढवली आहे. डीलरला व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन ती लागू आहे का ते लेखी विचारा. या जुन्या गाडीत फुकटात मिळण्यासारखी बहुधा एवढी एकच गोष्ट. पॅड मात्र घरी बदलायला जाऊ नका. एसबीसी संगणकावरून झोपवली नाही, तर नुसतं दार उघडलं तरी पंप दाब देतो, पिस्टन बाहेर येतात आणि बोटं चिरडतात. हौशी लोकांना हे मी दोनदा सांगतो.

टपाची भीती लोकांना सगळ्यात जास्त वाटते, पण खर्च त्यामानाने आवाक्यात असतो. त्याचे सिलिंडर छोटे, आतले सील वयाने झिजतात आणि तेल अस्तरावर उतरतं. डिकीच्या कडेच्या कार्पेटवर डाग आहे का ते चाचपा. डीलर अख्खा सिलिंडर बदलतो. तोच सिलिंडर काढून सील बदलणाऱ्या कारागिराकडे पाठवला तर शंभर डॉलरच्या आसपास भागतं, काढा-घालायची मजुरी वेगळी. टपाचं तेल आणि एबीसीचं तेल वेगळं, एकाच्या जागी दुसरं ओतू नका. आणि ‘टप बंद पडलाय’ म्हणून कोणी भाव पाडून गाडी विकत असेल, तर आधी डिकीतला सामानावरचा पडदा नीट अडकवून पुन्हा बटण दाबा. तो अडकलेला नसेल तर टप हलतच नाही. कधीकधी दुरुस्ती एवढीच असते, पण हे विकणाऱ्याला पैसे दिल्यावर सांगायचं!

डिकीत आहोतच तर कार्पेट उचलून ओल बघा. सेंट्रल लॉकिंगचा हवेचा पंप तिथेच तळाशी बसवलाय, पाणी शिरलं की तो जातो. मोठी बॅटरीही डिकीतच, स्टार्टरची छोटी बॅटरी पुढे. मोठी कमजोर झाली की गाडी काहीबाही इशारे देत सुटते. म्हणून कोणताही महागडा भाग बदलायच्या आधी दोन्ही बॅटऱ्या तपासा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. पाच लिटरचं व्ही-८, ३०२ अश्वशक्ती, चिवट. व्हॉल्व्ह कव्हरमधून तेल पाझरतं आणि स्पार्क प्लग एकूण १६ लागतात, बाकी तक्रार नाही. सुरुवातीच्या पाच गिअरच्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या वायरिंग प्लगमधून तेल वर चढत कंट्रोलरपर्यंत जातं. प्लग वीस डॉलरच्या आतला, लगेच बदलून टाका. २००७ पासूनची एसएल ५५० जोरदार आहे, पण तिच्या सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंग चेनचा एक गिअर लवकर झिजतो आणि तो बदलायला इंजिन उतरवावं लागतं. इंजिन नंबर तपासल्याशिवाय ती घेऊ नका.

काही जण विचारतात, परत जाताना नेता येईल का? नाही. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आयात होत नाही, वर स्टिअरिंगही डावीकडे.

भावाचं म्हणाल तर कागद नसलेली चकचकीत गाडी मी बारा हजारांनाही घेणार नाही. पावत्यांची फाइल असलेली, रंग थोडा उडालेली गाडी पंधराला घ्या म्हणेन. पहिल्या वर्षासाठी चार हजार डॉलर वेगळे काढून ठेवा, आणि पहिल्याच महिन्यात अॅक्युम्युलेटर, एबीसीचं तेल-फिल्टर आणि बॅटऱ्या ही तीन कामं उरकून घ्या. टप, रंग, सीटचं चामडं त्यानंतर.