पर्शियन मांजर घेताय? आधी किडनीचं बघा

नागपूर-अमरावतीहून पर्शियन पिल्लू आता तालुक्याच्या गावापर्यंत सहज येतं. विकणारा रंग दाखवतो, डोळे दाखवतो, 'डॉल फेस' (नाक थोडं पुढे) की 'पंच फेस' (अगदी चपटं तोंड) तेवढं सांगतो. किडनीबद्दल चकार शब्द काढत नाही.

या जातीत पीकेडी (पॉलिसिस्टिक किडनी डिसीज) नावाचा आनुवंशिक आजार आहे. दोन्ही किडन्यांत लहानपणापासूनच पाण्याच्या बारीक गाठी असतात. त्या वयासोबत वाढतात आणि किडनीचा चांगला भाग दाबत जातात. दोष एकाच जनुकात आहे, तो 2004 मध्ये सापडला. आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो. म्हणून बाधित बोक्याची सरासरी निम्मी पिल्लं बाधित निघतात. मांजर वरून धडधाकट दिसते. लक्षणं साधारण सातव्या वर्षाच्या आसपास दिसू लागतात, आणि तोवर तिची दोन-चार वेतं होऊन गेलेली असतात.

म्हणून पिल्लू घेताना आई-बापाचा डीएनए रिपोर्ट मागा. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून किंवा थोड्या रक्तावर ही चाचणी होते, कोणत्याही वयात, आयुष्यात एकदाच. रिपोर्ट नसेल तर दहा महिन्यांनंतर सोनोग्राफी करा. त्याआधी गाठी इतक्या लहान असतात की नजरेतून सुटतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आणि रक्ताचा नमुना होऊन जाईल. सोनोग्राफीसाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था इथे आधी फोन करून मगच निघा. नुसत्या क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीसाठी रक्तात तपासतात त्या आकड्यावर, निर्धास्त राहू नका. किडनीचं सुमारे पाऊण काम थांबेपर्यंत तो आकडा नॉर्मलमध्ये राहू शकतो.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर मांजर टाकून देऊ नका, पण नसबंदी नक्की करा. पिल्लांचे पैसे येतात म्हणून वेत घेणं म्हणजे तोच आजार चार घरी वाटणं. गाठी जिरवणारं औषध नाही. किडनीचा आहार, पाणी आणि वेळेवर तपासणी यांवर बरीच वर्षं निघतात.

घरी दोन गोष्टींवर डोळा ठेवा. महिन्यातून एकदा डिजिटल काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. चार किलोची मांजर चारशे ग्रॅमने उतरली तर दवाखाना. दुसरं, लघवी. लिटरमधले (शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूतले) गोळे अचानक मोठे किंवा जास्त झाले, मांजर सारखी पाण्याकडे जाऊ लागली, तर तेही किडनीचंच लक्षण असू शकतं.

चार किलोच्या मांजरीला अन्नातलं धरून दिवसाला साधारण 200 मिली पाणी लागतं. कोरड्या खाद्यात जेमतेम दहा टक्के पाणी असतं, त्यामुळे रोज एक वेळ ओलं खाद्य द्या. चिकनचं पाणी द्यायचं तर मीठ, कांदा, लसूण न घालता उकळा. चपट्या तोंडाला खोल वाटी जमत नाही. मातीचं पसरट परळ ठेवा, दोन-तीन ठिकाणी. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी नको, घरात प्यायला येतं तेच गोडं पाणी द्या.

मे महिन्यात पारा 45 ओलांडतो तेव्हा टिनाखालच्या खोलीत पर्शियन ठेवूच नका. कोरड्या हवेत कूलर छान चालतो, पण पाऊस सुरू झाला की तो नुसता दमटपणा वाढवतो. मग पंखा आणि उघडी खिडकी बरी. मांजर कुत्र्यासारखी तोंड उघडून धापा टाकत असेल तर थांबू नका. साध्या पाण्याने अंग, पोट, पंजे भिजवा, पंख्याखाली ठेवा, बर्फ लावू नका. गुदद्वारातलं तापमान 103 फॅरनहाइटवर आलं की भिजवणं थांबवून दवाखान्यात न्या. पंच फेसला नाकपुड्याच अरुंद, तिला हे आणखी लवकर होतं. आमच्या मते विदर्भात ती घेऊच नये.

आता सर्वांत घातक चूक. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धी गोळीही मांजरीचा जीव घेते. माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या मांजरीची किडनी निकामी करतात. गोठ्यात गोचिडांसाठी मारतात ती सायपरमेथ्रिन-डेल्टामेथ्रिनची औषधं, तसंच कुत्र्याच्या मानेवर टाकायचे परमेथ्रिनचे थेंब मांजरीला विषच. फवारणी करून आलात तर कपडे बदला, हात धुवा, मगच तिला उचला. अंगाला लागलेलं ती चाटून पोटात घेते.

डोळ्यांचं पाणी रोज उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. डोळा मिटून धरला असेल तर घरातले स्टेरॉइडवाले थेंब टाकू नका, बुबुळाला जखम असेल तर ती चिघळते; त्याच दिवशी दाखवा.

केसांची गाठ कात्रीने कापू नका, पातळ कातडीही सोबत कापली जाते. कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सोडवा, मग लोखंडी दातांचा कंगवा. नाही सुटली तर ट्रिमर. केस गळून गोल चट्टे पडले तर तो गजकर्ण असू शकतो. तो लेकरांना लागतो, म्हणून इलाज होईपर्यंत तिला अंथरुणात घेऊ नका.