गोव्यात बसून उपहासात्मक कादंबरी लिहिताना

गोवा लहान. कादंबरीत सरपंच आला की तो कुठल्या गावचा, हे वाचक आठवड्याभरात ओळखतात. म्हणून नेम कुठे धरायचा ते पहिल्या प्रकरणाआधी ठरलेलं हवं: ग्रामसभा, भाटकार-मुंडकार (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) नातं, शेतजमिनीचं रूपांतर की देवस्थान कमिटी. एकच घ्या. चारही घेतली की कादंबरीची वर्तमानपत्री कात्रणं होतात.

समजा ग्रामसभा घेतली. ती बहुधा रविवारी भरते. सलग तीन-चार सभांना मागच्या बाकावर वही घेऊन बसा. भाषणं टिपू नका, ती सगळीकडे सारखीच असतात. माइक कुणाच्या हातात जास्त वेळ राहतो, चहा कुठल्या विषयावर येतो, ठरावाला हात वर करण्याआधी लोक कुणाकडे बघतात, ते टिपा. त्याच संध्याकाळी सविस्तर लिहून काढा. दोन दिवस गेले की नेमका तपशील पुसला जातो आणि हाती फक्त मत उरतं.

मतावर उपहास उभा राहत नाही. ‘सरपंच लोभी आणि ढोंगी होता’ या वाक्याला कुणीही हसणार नाही. हे बघा: ‘सरपंचांनी रोप खड्ड्यात ठेवलं, फोटो झाला, रोप परत पिकअपमध्ये गेलं. आणखी दोन वाड्यांवर वनमहोत्सव होता.’ इथे निवेदक हसत नाही, चिडतही नाही. विशेषण एकही नाही. पहिला खर्डा झाल्यावर लोभी, बेरकी, लबाड असे शब्द शोधून काढा आणि प्रत्येकाच्या जागी एक कृती लिहा. या कामाला लिखाणाइतकाच वेळ लागतो, तो द्याच.

पात्र किमान तीन माणसांतून घडवा: एकाची चाल, दुसऱ्याची बोली, तिसऱ्याची अडचण. आडनाव नाईक, गावकर असं सर्वत्र आढळणारं ठेवा; दुर्मीळ आडनाव थेट एका घराकडे बोट दाखवतं. प्रसंग उत्तर टोकाच्या पेडण्यातला असेल तर दक्षिण टोकाच्या काणकोणला न्या. मात्र तेव्हा संवादही बदलावे लागतात, दोन्हीकडची कोंकणी वेगळी आहे. ही चूक गोव्याच्या वाचकाला पहिल्या पानावरच कळते. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ या ओळीवर विसंबू नका. माणूस ओळखू येत असेल तर बदनामीची तक्रार होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे.

निवेदन मराठीत आणि संवाद कोंकणीत हा मेळ गोव्यात सहज बसतो. संवाद आखूड ठेवा. ‘म्हाका खबर ना’ लातूरच्या वाचकालाही कळतं. लांब वाक्य आलं तर पुढच्या पात्राच्या उत्तरातून अर्थ लागू द्या. तळटीप आली की हसू थांबतं.

साल पक्कं करा. २०१३ सालच्या प्रकरणात डिचोलीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग दाखवली तर पुस्तक तिथेच मिटलं जाईल. खाणी २०१२ मध्येच बंद पडल्या होत्या. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घेणार असाल तर फूल (महाराष्ट्रात विलीनीकरण) आणि दोन पानं (वेगळा केंद्रशासित प्रदेश), दोन्ही बाजूंना त्यांचा सर्वांत चांगला युक्तिवाद द्या. दुबळ्या प्रतिपक्षाची टिंगल वाचकाला अन्याय वाटते, आणि ते बरोबरच आहे.

साठ हजार शब्द पुरेत. दर चार-पाच प्रकरणांनंतर एक प्रकरण उपहासाविना लिहा: तोच सरपंच रात्री आईच्या पायांना तेल चोळताना. असं प्रकरण नसेल तर शंभराव्या पानापासून वाचक कंटाळतो, कारण कुणाचं काय होईल याची त्याला काळजीच उरत नाही.

खर्डा सहा आठवडे बाजूला ठेवा. मग दोघांना मोठ्याने वाचून दाखवा, एक त्याच तालुक्यातला, दुसरा गोव्याबाहेरचा. फक्त पहिलाच हसला, तर तिथे संदर्भ कमी पडलाय. फक्त दुसरा हसला, तर ते वाक्य गावाला खोटं वाटतंय, ते काढा.