‘तुम्ही अगदी टिळकांसारखे दिसता!’

असं कुणी म्हटलं की पुण्यात लगेच मंडळाच्या जिवंत देखाव्याचं बोलावणं येतं. होकार देण्याआधी पगडी, मिशी आणि उपरणं घालून फोटो काढून घ्या. सेल्फी नको, जवळून नाक मोठं दिसतं. मोबाइल दोन मीटरवर धरायला सांगा.

खरी कसोटी मिशीची. स्पिरिट गम, म्हणजे नकली मिशी चिकटवायचा गोंद, आदल्या दिवशी मनगटावर लावून बघा. खाज आली तर नकोच. ओठावरचं तेल पुसा, पातळ थर द्या, चिकट होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा, मग दाबा. ओल्या गमावर दाबलेली मिशी घामाने हमखास सुटते, तीही ऐन संवादात! काढताना ओढू नका, खोबरेल तेलाने सैल करा.