बेटकास्टिंग रीलवर दोरी गुंतते? या चुका टाळा

हतनूर, वाघूर किंवा गिरणा धरणाच्या काठावर मासेमारीसाठी नवीन बेटकास्टिंग रील हातात घेतली की पहिल्या काही फेकींतच स्पूलवर (दोरी गुंडाळलेल्या चकरीवर) दोरीचा गोळा होतो आणि शिव्या रीलला बसतात. रीलचा दोष त्यात क्वचितच असतो. स्पिनिंग रीलचं स्पूल फेकताना जागेवर थांबलेलं असतं, दोरी नुसती त्याच्या कडेवरून सुटते. बेटकास्टिंगमध्ये मात्र लूर (दोरीला बांधलेलं खोटं आमिष) दोरी ओढतो आणि त्या ओढीनं स्पूलच गरगर फिरतं. हातातून सुटल्यापासून लूर मंदावत जातो, स्पूल मात्र मिळालेल्या वेगात फिरत राहतं. बाहेर जाणाऱ्या दोरीपेक्षा जास्त दोरी स्पूलनं सोडली की ती जादा दोरी फुगून वर येते, पुढच्या वेढ्यांखाली दबते आणि झाला गुंता. हे होण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत: सुटताना झटका बसला तर, हवेत असताना समोरचा वारा लागला तर, आणि लूर पाण्यावर टेकला तेव्हा.

सगळ्यात मोठी चूक: जोर लावणं

लांब फेकायचं म्हणून रॉड ताकदीनं झटकला की स्पूल एकदम उसळतं आणि लूर अजून वेग घेतच असतो. सुरुवातीचा गुंता इथलाच. रॉड मागे नेताना लूरच्या वजनानं त्याला वाकू द्या आणि तो वाकलेला असतानाच एका सलग हालचालीत पुढे आणा. लूर टोकापासून वीतभर खाली लटकू द्या. अगदी टोकाला चिकटवून ठेवला तर रॉड नीट वाकतच नाही आणि मग पुन्हा हाताचा जोर लावावा लागतो. फेकताना रीलचं हँडल आकाशाकडे राहील असं मनगट वळवलं तर हालचाल मोकळी होते.

दुसरी चूक पहिलीतूनच जन्मते. गुंता झाला की लोक बाजूचा टेन्शन नॉब करकचून आवळतात. गुंता थांबतो, पण लूर दहा-बारा मीटरवर पडतो. मग अंतरासाठी जोर वाढतो, झटका वाढतो आणि गुंता परत येतो.

नॉब आणि ब्रेक: दोघांची कामं वेगळी

टेन्शन नॉब हँडलच्या बाजूला, स्टार ड्रॅगच्या (मासा ओढू लागला की दोरी किती ताणावर सुटावी ते ठरवणाऱ्या चकतीच्या) जवळ असतो आणि तो स्पूलच्या दांड्यावर दाब देतो. तो असा लावा: लूर बांधून रॉड आडवा, जरासा वर धरा आणि थंब बार (स्पूल मोकळं करणारी अंगठ्याखालची पट्टी) दाबा. लूर सावकाश खाली यायला हवा, आणि जमिनीला टेकल्यावर स्पूल फार तर एक वेढा फिरून थांबायला हवं. धाडकन पडला तर नॉब थोडा आवळा, हललाच नाही तर सैल करा. लूर बदलला की हे पुन्हा करायचं. चौदा ग्रॅमच्या क्रँकबेटसाठी लावलेल्या नॉबवर वीस ग्रॅमचा स्पिनरबेट लावला की गुंता ठरलेला, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण विसरतात.

ब्रेक हँडलच्या विरुद्ध बाजूच्या झाकणात असतो. चुंबकी ब्रेकवर बाहेरूनच आकड्यांची चकती फिरवता येते. सेंट्रिफ्यूगल ब्रेकमध्ये आत छोट्या पिना असतात, स्पूल फिरलं की त्या बाहेर सरकून कड्याला घासतात. त्या लावताना समोरासमोरच्या जोडीनं लावा, एकाच बाजूच्या लावल्या तर स्पूल थरथरतं. शिकताना ब्रेक जवळपास पूर्ण ठेवा, चार-पाच फेकी नीट गेल्या की एक घर कमी करा. पहिल्याच दिवशी शून्यावर आणून अंतर वाढतंय का बघणं म्हणजे दुपार गुंता सोडवण्यात घालवणं.

आता अंगठा. नॉब आणि ब्रेक स्पूलला आवर घालतात, थांबवत नाहीत. थांबवायचं काम अंगठ्याचंच. लूर सुटताना अंगठा स्पूलवरून पूर्ण उचलू नका, दोरीला हलका स्पर्श राहू द्या. लूर पाण्याला टेकायच्या किंचित आधी स्पूल दाबून थांबवा. टेकल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो, कारण लूर थांबला आणि स्पूल अजून फिरतंय. नवशिक्यांच्या गुंत्यांतले कितीतरी इथेच होतात, आणि त्यासाठी रीलमध्ये एकही आटा फिरवावा लागत नाही.

सराव पाण्यावरच करायला हवा असं नाही. गळ काढलेला दहा-पंधरा ग्रॅमचा लूर किंवा तेवढ्या वजनाचा नट घेऊन मोकळ्या मैदानावर फेका. कापूस निघालेल्या वावरात मात्र नको, पऱ्हाट्यांच्या खुंटांत दोरी अडकून घासली जाते. शिकताना आणखी एक युक्ती चालते: एका फेकीला लागते तेवढी आणि वर आठ-दहा मीटर दोरी सोडा, स्पूलवर उरलेल्या दोरीभोवती इन्सुलेशन टेपची एक पट्टी लावा आणि दोरी परत गुंडाळा. गुंता पट्टीच्या खाली जाणार नाही. मासेमारीला निघताना पट्टी काढायला विसरू नका, मोठा मासा दोरी ओढू लागला की ती तिथेच अडेल.

वारा आणि हलके लूर

उन्हाळ्यात दुपारनंतर तापीच्या पात्रात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि नदीही पश्चिमेलाच वाहते. सारंगखेडा किंवा प्रकाशाच्या पट्ट्यात प्रवाहाच्या दिशेनं फेकलं की वारा थेट तोंडावर. लूर लवकर मंदावतो, स्पूल नाही. तेव्हा ब्रेक दोन घरं वाढवा, लूर आटोपशीर आणि जड निवडा, रॉड डोक्यावरून न आणता बाजूनं, खालच्या पातळीवरून फेका. जागा बदलता आली तर वारा पाठीशी घ्या, हे सगळ्यात सोपं.

मरळीसाठी वापरायचे छोटे रबरी फ्रॉग पाच-सहा ग्रॅमचेही मिळतात. नेहमीच्या बेटकास्टिंग रीलवर ते फेकणं म्हणजे गुंत्याला निमंत्रण, कारण जड स्पूल फिरवायला त्यांचं वजन पुरत नाही. दहा ग्रॅमच्या पुढचे घ्या, नाहीतर हलक्या लूरसाठी सरळ स्पिनिंग रील लावा. त्यात कमीपणा नाही.

दोरी भरतानाच्या चुका

स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळं ठेवा. फार कमी भरलं तरी अंतर घटतं. दोरी ओल्या फडक्यातून चिमटीत धरून ताणातच गुंडाळा. सैल गुंडाळलेली ब्रेड (विणलेली दोरी) पहिल्या जोराच्या ओढीला खालच्या वेढ्यांत घुसते आणि पुढच्या फेकीला मध्येच आखडते. शिवाय गुळगुळीत स्पूलवर ब्रेड थेट बांधली तर सगळा गठ्ठाच फिरतो, आणि ड्रॅग सुटतोय असं वाटत राहतं. आधी नायलॉनच्या तंगुसाचे (एकेरी तंतूच्या दोरीचे) दहा-पंधरा वेढे घालून त्यावर ब्रेड बांधा.

नवशिक्यांना बारा ते सतरा पाउंड ताकदीचा तंगूस बरा, गुंतला तरी सुटतो. ब्रेड घ्यायची तर तीस पाउंडांच्या खाली उतरू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रील ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हानं तंगूस स्पूलच्या आकारात वळून बसतो आणि कमकुवतही होतो. वळलेला तंगूस ओला करून दोन झाडांमध्ये ताणला तर थोडा सरळ होतो. वेटोळी तरीही उठत असतील तर बदलून टाका.

गुंता झालाच तर

सर्वात वाईट गोष्ट म्हणजे घाबरून दोरी ओढणं. ओढली की वरचे वेढे खालच्यांवर घट्ट बसतात. लूर तळाच्या दगडांत पडला असेल तर आधी पुढची दोरी हातानं ओढून तो काठावर आणा.

मग स्टार ड्रॅग पूर्ण आवळा. गुंत्यावर अंगठा घट्ट दाबून ठेवत हँडल दोन-तीन फेरे फिरवा. दाबलेले वेढे स्पूलबरोबर सरकतात आणि अडकलेले फुगे मोकळे होतात. आता थंब बार दाबून दोरी हळू बाहेर ओढा. अडली की थांबा, पुन्हा अंगठा, पुन्हा दोन फेरे. साधे गुंते दोन-तीन वेळांत सुटतात.

नाही सुटले तर दोरी नेमकी कुठे अडते ते बघा. बहुतेक वेळा एखादाच वेढा ओढत्या दोरीवरून आडवा गेलेला असतो. तो टूथपिकनं जरा उचलून सैल करा, पूर्ण बाहेर काढू नका, आणि मुख्य दोरी ओढून बघा. सुरीचं टोक किंवा सुई वापरू नका, ब्रेडचे तंतू तुटतात आणि तंगुसावर ओरखडा येतो.

कापायची वेळ आली तर छोट्या कात्रीनं वरचे वेढे एकेक करून कापा, स्पूलवर पातं चालवू नका. कापलेले तुकडे पिशवीत घाला. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात आणि काठावरची दोरी त्यांच्या पायांत गुंतते. सुटल्यावर ड्रॅग परत सैल करा, नाहीतर पहिल्याच चांगल्या माशाला दोरी तुटेल. मोकळी झालेली दोरी बोटांतून फिरवा. तंगुसावर पांढरी मुरड किंवा ब्रेडवर पिंजलेला भाग दिसला तर तिथपर्यंत कापून टाका.

कधी कधी बारीक दोरी स्पूल आणि चौकटीच्या फटीतून मागे जाते. स्पूल अडतं आणि हँडल फिरवलं की दोरी आणखी आत ओढली जाते. तिथे जोर चालत नाही. ब्रेकच्या बाजूचं झाकण उघडून स्पूल बाहेर काढा आणि दोरी सोडवा. हे काम काठावरच्या वाळूत नको, मांडीवर टॉवेल पसरून करा, ब्रेकच्या पिना पडल्या तर सापडत नाहीत. झाकण उघडलंच आहे तर स्पूलच्या बेअरिंगमधली काळ्या मातीची धूळ पुसून हलक्या तेलाचा एकच थेंब टाका. ग्रीस फक्त गिअरला.