डिप्रेशनच्या गोळ्यांवरची बातमी कशी वाचावी

मालवणात माझं मेडिकल आहे. मोबाईलवर 'डिप्रेशनच्या गोळ्या निरुपयोगी' असं काही फिरलं की काउंटरवर कोणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, "वयनी, गोळये बंद करू काय?" ते डॉक्टरांनी सांगायचं. बातमी कशी तपासायची, तेवढं मी सांगते.

आधी बघा, तुलना कशाशी केली होती. चांगल्या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यागत गट पाडतात. एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्यालाही. त्या पोकळ गोळीवरही बऱ्याच जणांना बरं वाटतं. म्हणून 'इतक्या टक्क्यांना गुण आला' एवढंच छापलं असेल, तर दुसऱ्या गटाचा आकडा शोधा. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा आणि १,१६,४७७ रुग्णांचा हिशोब एकत्र मांडला गेला. २१ च्या २१ औषधं पोकळ गोळीपेक्षा सरस ठरली, पण फरक एकंदरीत माफकच.

फरक मोजला कशाने, हेही विचारा. बऱ्याच चाचण्यांत डिप्रेशन किती तीव्र आहे ते मोजणारी हॅमिल्टन मोजपट्टी असते: १७ मुद्दे, जास्तीत जास्त ५२ गुण, आणि गुण जास्त म्हणजे आजार जास्त. त्यातले ६ गुण नुसते झोपेचे! म्हणजे गुंगी आणणारं औषध झोपेच्या रकान्यातूनच गुण कमी करून दाखवू शकतं, मन होतं तिथेच असलं तरी. उलट, औषध आणि पोकळ गोळी यांच्यात सरासरी दोन गुणांचा फरक म्हणजे काहीच नाही, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. पुष्कळ सुधारलेला आणि मुळीच न सुधारलेला असे दोघेही त्या सरासरीत एकाच टोपलीत पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं, छापलंच नाही ते काय? अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या, डिप्रेशनच्या औषधांच्या ७४ चाचण्यांची २००८ मध्ये छाननी झाली. नियामकाच्या मते यशस्वी ३८. त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत आणि ११ यशस्वी वाटतील अशा छापल्या. आपल्याकडे १५ जून २००९ पासून औषधाची चाचणी सुरू करण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावीच लागते. ती इंटरनेटवर कोणालाही उघडता येते. काय मोजणार म्हणून तिथे लिहिलंय आणि बातमीत कशाचा डंका आहे, ते ताडून पाहा.

मुदत आणि माणसं एका नजरेत कळतात. बहुतेक चाचण्या आठेक आठवड्यांच्या, आणि आत्महत्येचे विचार तीव्र असलेल्यांना त्यांत सहसा घेत नाहीत.

गोळी सोडण्याबद्दल वेगळी चाचणी आहे. इंग्लंडमध्ये, बरं वाटत असलेल्या आणि गोळी सोडायच्या विचारात असलेल्या ४७८ जणांवरची, २०२१ मध्ये छापलेली. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना आजार उलटला, हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना. याच आकड्यांतून दोन्ही बाजूंच्या बातम्या निघतात. चालू ठेवूनही ३९ टक्क्यांना आजार उलटला, बंद करूनही ४४ टक्के ठीक!

तेव्हा बातमीचा फोटो आणि गोळ्यांची स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि सोडायचीच असेल तर डोस किती दिवसांनी किती उतरवायचा ते कागदावर लिहून घ्या. एकदम तोडलीत तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची फेरी लांबणार असेल, तर मधल्या काळात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आणि मराठीत.