करडई, जवस आणि स्तनकर्करोगाच्या पेशी: फॅटी ॲसिडवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

सोलापुरात बायोटेक किंवा बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्यांना स्तनकर्करोगाच्या पेशींवर फॅटी ॲसिडचा परिणाम हा विषय जवळचा वाटतो, कारण करडई, शेंगा आणि जवस हे इथल्या शेतातलं आणि ताटातलंच. पारंपरिक करडई तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल (ओमेगा-६) असतं, जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक (ओमेगा-३). पण तेल थेट पेशींवर घालून काही कळत नाही, कारण तेलात असतात ट्रायग्लिसराइड (ग्लिसरॉलला जोडलेली तीन फॅटी ॲसिड). प्रयोगाला शुद्ध फॅटी ॲसिड लागतं आणि खरी मेहनत ते पेशींपर्यंत नीट पोचवण्यातच आहे.

रक्तात फॅटी ॲसिड अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं. फ्लास्कमध्येही तेच करायचं. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) फॅटी ॲसिड काढलेलंच घ्या. सीरम नसलेल्या मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) ते १०.५ टक्के करा. पावडर वर भुरभुरून आपोआप विरघळू द्या, जोरात ढवळलं की फेस येतो. २८ मिलिग्रॅम लिनोलिक आम्ल इथेनॉलमध्ये १ मिली केलं की १०० मिलिमोलर होतं. त्यातलं ०.५ मिली ३७ अंशांच्या ९.५ मिली बीएसएत थेंबथेंब सोडा, तासभर ठेवा, ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. हा ५ मिलिमोलर स्टॉक. फॅटी ॲसिड आणि बीएसएचं गुणोत्तर साधारण ३.३ ला १. पन्नास पट पातळ केलं की १०० मायक्रोमोलर आणि इथेनॉल फक्त ०.१ टक्का. सोडियम पामिटेट (पामिटिक या संपृक्त आम्लाचा क्षार) मात्र ७० अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि द्रावण गढूळ दिसलं तर ते टाकून द्यायचं. गुणोत्तर फार वाढलं तर सुटं फॅटी ॲसिड पेशीपटल साबणासारखं फोडतं, आणि आपण त्याला ‘कर्करोगविरोधी परिणाम’ समजून बसतो.

कंट्रोलमध्ये तेवढंच बीएसए आणि तेवढंच इथेनॉल हवं, प्रत्येक डोसला. डीएचएसारखी ओमेगा-३ हवेत लवकर खवट होतात आणि पेरॉक्साइडनेही पेशी मरतात. गडद बाटली, वर नायट्रोजन, उणे २० अंश किंवा त्याहून थंड. शिवाय व्हिटॅमिन ई घातलेला एक गट ठेवाच. त्याने परिणाम नाहीसा झाला, तर तो ऑक्सिडेशनचा होता.

पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून) मागवता येतात. एमसीएफ-७ इस्ट्रोजेन-रिसेप्टर असलेली, एमडीए-एमबी-२३१ ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि एचईआर२ तिन्ही नसलेली), दोन्ही स्तनकर्करोगाच्या पेशी घ्या. एमसीएफ-७ साठी फिनॉल रेड नसलेला मीडिया वापरा, त्या रंगाचा परिणाम सौम्य इस्ट्रोजेनसारखा होतो. सीरममध्येही फॅटी ॲसिड असतातच, म्हणून डोस देताना ते १–२ टक्क्यांवर आणा.

एप्रिल-मेमध्ये एक गोष्ट हमखास नडते. साध्या इनक्युबेटरला फक्त हीटर असतो, तो थंड करू शकत नाही. रात्री एसी बंद राहिला आणि खोली तापली, तर पेशी ३९ अंशांवर जातात. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये कडेच्या वेलमध्ये पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) भरा, नाहीतर बाष्पीभवनाने तिथले आकडे खोटे येतात.

एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) एकट्यावर विसंबू नका. ती मायटोकॉन्ड्रियाची कामगिरी मोजते आणि फॅटी ॲसिड नेमकं तेच बदलतं. ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या रंगाने) पेशी मोजून पडताळा.

अर्थ लावताना प्रत्येक आम्ल वेगळं धरा. एमडीए-एमबी-२३१ मध्ये पामिटेटने पेशी मरतात, ओलिएट (ओलिक आम्ल) सोबत दिलं की वाचतात. लिनोलिकपासून ॲराकिडोनिक आणि पुढे कॉक्स-२ या एन्झाइममार्फत प्रोस्टाग्लँडिन ई२ बनतं, जे वाढीला खतपाणी घालतं. ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ त्याच एन्झाइमसाठी स्पर्धा करतात. २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या कामात ट्रिपल निगेटिव्ह पेशींत एफएबीपी५ (फॅटी ॲसिड वाहणारं प्रथिन) मार्फत लिनोलिकने एमटॉरसी१ (पेशीची वाढ चालवणारा प्रथिनसमूह) जागा होतो असं दिसलं.

मग घरचे विचारतात, करडईचं तेल बंद करायचं का? प्लेटमधल्या पेशींवरून ते सांगता येत नाही. अमेरिकेत ४८,८३५ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, २००६ च्या निकालानुसार, आहारातली चरबी कमी केलेल्या गटात स्तनकर्करोग ९ टक्के कमी दिसला, पण तो फरक संख्याशास्त्रात ठाम ठरला नाही. प्रबंधाच्या चर्चेत हे लिहा. जेआरएफच्या (संशोधन शिष्यवृत्तीच्या) मुलाखतीत ‘बीएसए कंट्रोल का ठेवला?’ आणि ‘हा डोस रक्तात असतो का?’ हे प्रश्न येण्याची शक्यता मोठी. त्यांची उत्तरं आकड्यांसह तयार ठेवा.